हॅम्लेटचा विलंब हा दुबळेपणा नव्हे, अडवलेला शोक आहे

गोदातीर:
परशुराम साईखेडकर नाट्यगृहातील प्रयोगासाठी आमचा हौशी गट सध्या शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'च्या संहितेची काटछाट करत आहे. संपूर्ण नाटक चार तासांच्या घरात जाते, म्हणून कात्री लावणे भाग आहे; परंतु पहिल्या अंकाचा दुसरा प्रवेश निम्मा करून पित्याचे भूत लवकर रंगमंचावर आणावे, या बहुमताला माझा ठाम विरोध आहे.

या प्रवेशापर्यंत डेन्मार्कचा राजपुत्र हॅम्लेट याला काका क्लॉडियसने पित्याचा खून केल्याची वार्ता नाही आणि सूडाची आज्ञाही मिळालेली नाही, तरीही एकटा उरताच तो मरणाची इच्छा बोलून दाखवतो. पित्याला जाऊन दोन महिनेही झाले नाहीत, आईने दिराशी लग्न केले आहे, आणि तोच नवा राजा क्लॉडियस भर दरबारात त्याला सुनावतो की इतका हट्टी शोक पुरुषाला शोभत नाही. उत्तरक्रियेसाठी रांधलेले अन्न लग्नाच्या मेजवानीत वाढले गेले, असे हॅम्लेट आपल्या मित्राला, होरेशिओला, सांगतो. रामकुंडावर रोज दशक्रिया पाहणाऱ्या नाशिककरांना तेराव्याचे ताट लग्नाच्या पंगतीत गेल्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. ज्याला रडूही दिले नाही त्याच्यावर भूत सूडाची जबाबदारी टाकते, आणि सूड घेण्यातला पुढचा सारा विलंब त्यातून येतो. मराठी प्रेक्षकाला हॅम्लेट बहुधा शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मधील स्वगतातून आधी भेटलेला असतो, त्यामुळे जगण्यामरण्याचा विचार करणारा तत्त्वज्ञ त्याच्या परिचयाचा आहे; पितृशोकाने खचलेला मुलगा मात्र त्याला अजून दाखवायचा आहे.

पंचवटीकर:
आपले विवेचन मनाला भिडते, परंतु ते हॅम्लेटला फार स्वस्तात सोडून देते. तिसऱ्या अंकात क्लॉडियस गुडघे टेकून प्रार्थना करत असतो आणि हॅम्लेट तलवार उपसून त्याच्या मागे उभा असतो. तो वार करत नाही, कारण प्रार्थनेत मेलेला माणूस स्वर्गात जाईल आणि याला तर नरकात धाडायचे आहे. या हिशेबात शोक कुठे दिसतो? पुढे तो पत्र बदलून दोन जुन्या मित्रांना मृत्यूच्या दारी पाठवतो आणि त्याची आपल्याला टोचणी नाही असे होरेशिओला सांगतो.

हॅम्लेटच्या वेडाचेही तसेच आहे. राजाचा मंत्री पोलोनिअस याला पडद्याआडून भोसकल्यावर त्याच रात्री तो आईला सांगतो की आपले वेड हे खरे नसून डावपेच आहे. शेवटच्या प्रवेशात मात्र त्याच पोलोनिअसच्या मुलापुढे, लेअर्टिसपुढे, तो म्हणतो की अपराध हॅम्लेटचा नसून त्याच्या वेडाचा आहे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. लेअर्टिसचाही बाप मारला गेला आहे. तो जमाव घेऊन थेट राजवाड्यावर चालून येतो. शोकाने हात बांधले जातात हा नियम त्याला का लागू पडला नाही?

गोदातीर:
लेअर्टिसची तक्रार आठवून पाहावी: बापाला गुपचूप पुरले, ना मानचिन्हे, ना विधी. म्हणजे त्याचाही शोक अडवलेलाच आहे. फरक इतकाच की क्लॉडियस त्या संतापाला वेळीच हाताशी धरतो, आणि प्रकरण विष लावलेल्या तलवारीपर्यंत पोहोचते. आपल्या उदाहरणाने माझेच म्हणणे पुढे जाते. प्रार्थनेच्या प्रवेशातील क्रौर्य मी नाकारत नाही, पण ते नाटकाच्या मध्यावर आले आहे. तिथवर हा मुलगा कसा पोहोचला, हे दुसऱ्या प्रवेशाविना कळणार नाही.

रविवार कारंजा:
आपण दोघेही मुलग्यांच्या शोकाबद्दलच बोलत आहात. ऑफेलिया ही पोलोनिअसचीच मुलगी; तिचा बाप तिच्या प्रियकराच्या, म्हणजे हॅम्लेटच्या, हातून मेला, भाऊ फ्रान्समध्ये होता, आणि सूड घेण्याची मुभा तिला कोणीच दिली नव्हती. हॅम्लेट वेड पांघरतो, तिला मात्र ते खरोखर लागते. फुले वाटताना ती म्हणते की व्हायोलेटही द्यायची होती, पण वडील गेले तेव्हा ती सारी कोमेजली. संपूर्ण नाटकात पितृशोक इतक्या साध्या वाक्यात कोणीही मांडलेला नाही. तालमीत तिची वेडातली गाणी 'लांबण' म्हणून कापली जातात, हे मला फार लागते. वेळ वाचवायचाच असेल तर नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिनब्रास याचे प्रवेश आवरावेत.

पंचवटीकर:
ऑफेलियाविषयी मी पूर्ण सहमत आहे. फोर्टिनब्रासबाबत नाही, कारण बाप गमावलेला तो तिसरा मुलगा आहे; त्याच्या बापाला हॅम्लेटच्या बापानेच मारले होते, आणि अखेर डेन्मार्कचे राज्य सूड न घेताच त्याच्या हाती पडते. दुसरा प्रवेश आपण अखंड ठेवावा. मात्र मग प्रार्थनेच्या प्रवेशातील एकही ओळ कापू नये, आणि त्या क्षणी नटाने प्रेक्षकांची सहानुभूती मागू नये, एवढी अट दिग्दर्शकांपुढे माझ्या वतीने ठेवावी.