संपर्क अर्ज भरला जातो, पण सूचनेचा ईमेल कार्यालयात पोहोचत नाही

ग्रंथसेवक

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ वर्डप्रेसवर असून ते साध्या सामायिक होस्टिंगवर (अनेक संकेतस्थळांनी वाटून घेतलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर) चालते. संपर्कासाठी ‘कॉन्टॅक्ट फॉर्म ७’ हे प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम) वापरले आहे. सभासदत्व, सभागृहाचे आरक्षण आणि ग्रंथदान अशा तीन कारणांसाठी लोक तो अर्ज भरतात. अर्ज भरून ‘पाठवा’ दाबले की हिरव्या चौकटीत संदेश गेल्याचे दिसते, परंतु कार्यालयाच्या पेटीत काहीही येत नाही. अलीकडेच एका मंडळाने सभागृह मिळाले असे गृहीत धरून व्याख्यानाच्या निमंत्रणपत्रिका छापल्या, आणि त्यांनी अर्ज केल्याचे आम्हांला कळले ते पत्रिका हाती पडल्यावर.

सध्याची मांडणी अशी आहे. प्लगिनच्या ‘मेल’ टॅबमध्ये ‘टू’ या रकान्यात मूळचीच खूण (चौकोनी कंसांतला शब्द, ज्याच्या जागी खरी माहिती येते) आहे, म्हणजे संकेतस्थळाच्या प्रशासकाचा जो पत्ता असेल तो. ‘फ्रॉम’ या रकान्यात अर्जदाराचे नाव आणि त्याचाच ईमेल पत्ता येतो. संकेतस्थळ बनवून देणाऱ्यांनी ते तसे ठेवले होते, जेणेकरून उत्तर थेट अर्जदाराला जावे. प्रशासकाचा पत्ता आधीच्या कार्यवाहांचा वैयक्तिक पत्ता होता. ‘सेटिंग्ज’मधील ‘जनरल’ पानावर तो बदलून कार्यालयाचा घातला, पण बदल अद्याप प्रलंबित असल्याची सूचना तेथे दिसत राहते. कार्यालयाचा पत्ता आमच्याच डोमेनवरचा आहे आणि त्या पत्त्यांच्या पेट्या होस्टिंगवर नसून झोहो या ईमेल सेवेकडे आहेत.

कोणत्या रकान्यात कोणता पत्ता असावा, आणि सभागृहाचे अर्ज कार्यवाहांकडे व सभासदत्वाचे ग्रंथपालांकडे आपोआप जातील अशी सोय करता येते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पोर्ट_५८७

‘फ्रॉम’मधला अर्जदाराचा पत्ता सर्वप्रथम काढून टाका. आपण वर्णन केलेल्या तक्रारीचे सर्वांत सामान्य कारण तेच असते.

अर्जदाराने आपला जीमेल किंवा याहूचा पत्ता लिहिला, आणि तोच पत्ता ‘फ्रॉम’मध्ये घालून आपल्या होस्टिंगच्या सर्व्हरने पत्र पाठवले, तर स्वीकारणाऱ्या सर्व्हरला दिसते ते असे की याहूच्या नावाने आलेले पत्र याहूच्या सर्व्हरवरून निघालेलेच नाही. म्हणजे ते बनावट. अशा पत्रांचे काय करायचे हे डोमेनचा मालक डीएनएसमधील (डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीतील) डीमार्क नावाच्या नोंदीत सांगू शकतो. याहूने एप्रिल २०१४ मध्ये आपल्या नावाची अशी पत्रे सरळ नाकारावीत अशी नोंद केली, आणि तोपर्यंत बिनबोभाट चालत आलेले अनेक संपर्क अर्ज व मेलिंग याद्या त्या दिवसांत बंद पडल्या. जीमेलनेही फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पाठवणाऱ्याकडे एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात याची नोंद) किंवा डीकिम (पत्रावरची डोमेनची डिजिटल सही) यांपैकी किमान एक असलेच पाहिजे असा नियम केला आहे. त्यामुळे ‘आधी चालत होते, आत्ताच काय झाले’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा आपल्या संकेतस्थळात नसते, पलीकडच्या बाजूला नियम कडक झालेले असतात.

म्हणून ‘फ्रॉम’मध्ये नेहमी आपल्याच डोमेनवरचा पत्ता हवा. अर्जदाराला थेट उत्तर जावे ही मूळ अपेक्षा रास्त आहे, पण तिची जागा दुसरी आहे. त्याच टॅबमधील ‘ॲडिशनल हेडर्स’ या रकान्यात ‘रिप्लाय-टू’ लिहून, अपूर्णविराम (:) देऊन, पुढे चौकोनी कंसांत अर्जदाराच्या ईमेलची खूण घाला. मग कार्यालयात पत्र उघडून ‘उत्तर द्या’ दाबले की ‘टू’मध्ये आपोआप अर्जदाराचा पत्ता येतो. प्लगिन स्वतःही याबाबत बजावते: ‘फ्रॉम’चा पत्ता संकेतस्थळाच्या डोमेनचा नसेल तर त्या रकान्याखाली लाल अक्षरांत तसा इशारा येतो. आपल्याकडे तो आत्ताही दिसत असणार.

हिरव्या चौकटीचा अर्थही नीट समजून घ्यावा. वर्डप्रेसने पत्र होस्टिंगच्या मेल सर्व्हरच्या हवाली केले आणि त्याने ते घेतले, एवढेच ती सांगते. पुढे ते पोहोचले की नाही याच्याशी तिचा संबंध नाही. चौकट लाल असेल तर पत्र हवाली करतानाच अडले, नारिंगी असेल तर प्लगिनने अर्ज स्पॅम समजून थांबवला, आणि पिवळी असेल तर अर्जातला एखादा रकाना चुकीचा किंवा रिकामा आहे. लाल आणि नारिंगी या दोन्ही वेळी मजकूर मात्र तोच असतो, की संदेश पाठवताना अडचण आली. त्यामुळे एखाद्या अर्जदाराचा दूरध्वनी आला तर त्याला मजकूर विचारण्याऐवजी चौकटीचा रंग विचारावा.

जुना_प्रशासक

वरील उत्तराशी सहमत आहे. प्रलंबित बदलाविषयी लिहितो, कारण तो स्वतंत्र घोळ आहे.

वर्डप्रेसच्या ४.९ या आवृत्तीपासून प्रशासकाचा पत्ता बदलला की पुष्टीचा दुवा नव्या पत्त्यावर पाठवला जातो, आणि तो दुवा कोणी उघडेपर्यंत जुनाच पत्ता लागू राहतो. आपल्या संकेतस्थळाची पत्रे नव्या पत्त्यावर पोहोचतच नसल्याने पुष्टीचे पत्रही पोहोचलेले नाही. याचा अर्थ असा की आजही अर्जाची प्रत्येक सूचना, वाटेत अडत नसेल तर, आधीच्या कार्यवाहांच्या पेटीकडे निघते. त्यांना विचारून त्यांच्या स्पॅममध्ये पाहायला सांगावे. काही हरवलेले अर्ज तेथे सापडण्याची शक्यता बरीच आहे, मात्र जीमेल स्पॅममधील पत्रे ३० दिवसांनी पुसून टाकते, तेव्हा हे आजच करावे.

पुष्टीच्या पत्राशिवायही हा पत्ता बदलता येतो. होस्टिंगवर आज्ञा टंकण्याची खिडकी उपलब्ध असेल तर डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेस आज्ञांनी चालवण्याच्या साधनातील ‘ऑप्शन अपडेट’ या आज्ञेने ‘ॲडमिन ईमेल’ची किंमत थेट बदलते. नसेल तर पीएचपीमायॲडमिन या डेटाबेस हाताळण्याच्या साधनात ‘ऑप्शन्स’ या तक्त्यातील त्याच नावाची ओळ बदलावी. तक्त्याला हात लावण्यापूर्वी त्याची प्रत उतरवून ठेवावी.

तरीही संपर्क अर्ज प्रशासकाच्या पत्त्यावर अवलंबून ठेवूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. तो पत्ता वर्डप्रेसच्या घरगुती कामांसाठी असतो: आपोआप झालेली अद्यतने, एखाद्या प्लगिनमुळे संकेतस्थळ कोसळल्यावर येणारा दुरुस्तीचा दुवा, नव्या वापरकर्त्यांची नोंद. ही पत्रे तांत्रिक काम पाहणाऱ्याकडे गेलेली बरी. वाचकांच्या विचारणा कार्यालयाकडे जाव्यात, आणि त्यासाठी ‘टू’मधली मूळ खूण पुसून तेथे कार्यालयाचा पत्ता स्पष्ट लिहावा. एकाहून अधिक पत्ते स्वल्पविरामाने देता येतात. कार्यकारिणी बदलली तरी हलणार नाही असा पदाचा पत्ता द्यावा, व्यक्तीचा नको.

ग्रंथसेवक

दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे ‘फ्रॉम’मध्ये आमच्या डोमेनवरचा पत्ता घातला, ‘रिप्लाय-टू’ जोडले आणि ‘टू’मध्ये कार्यालयाचा पत्ता व पडताळणीसाठी कोषाध्यक्षांचा जीमेलचा पत्ता असे दोन्ही लिहिले. आता कोषाध्यक्षांना सूचना मिळते, पहिली स्पॅममध्ये गेली होती. कार्यालयाच्या पत्त्यावर मात्र अजूनही काहीच येत नाही, स्पॅममध्येही नाही. माझ्या स्वतःच्या जीमेलवरून कार्यालयाला पत्र पाठवले तर ते क्षणात पोहोचते. म्हणजे पेटी चालू आहे, पण आमच्याच संकेतस्थळाचे पत्र तिला चालत नाही, असे काहीसे दिसते.

डीएनएस_वाचक

पेटीकडे दोष नाही. हे पत्र आपल्या होस्टिंगच्या बाहेर पडतच नसावे.

सीपॅनेलमध्ये (होस्टिंगच्या नियंत्रण पानांत) ‘ईमेल राउटिंग’ नावाचे एक पान असते. तेथे आपल्या डोमेनसमोर ‘लोकल मेल एक्स्चेंजर’ निवडलेले असेल, तर या डोमेनच्या पेट्या आपल्याकडेच आहेत असे होस्टिंगचा सर्व्हर धरून चालतो. जगातल्या इतर सर्व्हरांनी आपल्या डोमेनला पत्र पाठवले की ते डीएनएसमधील एमएक्स नोंद (डोमेनची पत्रे कोणत्या सर्व्हरकडे द्यायची ते सांगणारी) पाहतात आणि झोहोकडे जातात, म्हणून आपल्या जीमेलवरचे पत्र पोहोचते. होस्टिंगचा सर्व्हर मात्र एमएक्सकडे न पाहता पत्र स्वतःजवळच ठेवतो किंवा तशी पेटी नाही म्हणून परत करतो, आणि परतीचे पत्रही बहुधा होस्टिंगच्या मूळ खात्याच्या पेटीत जाऊन पडते, जी कोणी कधी उघडत नाही. त्या पानावर ‘रिमोट मेल एक्स्चेंजर’ निवडून जतन करा. सीपॅनेलच्या वेबमेलमधून ती मूळ पेटीही एकदा उघडून पाहावी.

कोषाध्यक्षांचे पत्र स्पॅममध्ये का गेले, हे तर्काने ठरवण्यापेक्षा वाचून पाहावे. जीमेलमध्ये ते पत्र संगणकावर उघडून तीन ठिपक्यांच्या यादीतून ‘मूळ दाखवा’ निवडले की वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क यांच्यासमोर ‘पास’ किंवा ‘फेल’ लिहिलेले असते. आपल्या एसपीएफ नोंदीत फक्त झोहो असेल आणि होस्टिंगचा सर्व्हर नसेल, तर पहिल्याच ओळीत ते उघड होईल. मग दुसरी एसपीएफ नोंद जोडण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण एका डोमेनला अशी एकच नोंद असावी लागते आणि दोन आढळल्या तर तपासणीच निकामी ठरते. आहे त्याच नोंदीत होस्टिंगचा सर्व्हर समाविष्ट करावा.

एसपीएफ ‘फ्रॉम’मधला पत्ता तपासत नाही, हेही येथे सांगणे आवश्यक आहे. टपालाच्या पाकिटामागे पाठवणाऱ्याचा एक पत्ता असतो आणि आतल्या पत्राच्या डोक्यावर दुसरा असू शकतो, तशीच ईमेलचीही रचना आहे. एसपीएफ पाकिटावरचा पाहते, वाचणाऱ्याला दिसतो तो आतला, आणि या दोहोंचे डोमेन जुळते का हे पाहणे डीमार्कचे काम. सामायिक होस्टिंगवर पाकिटावरचा पत्ता कधीकधी होस्टिंग कंपनीच्याच सर्व्हरच्या नावाचा असतो. त्यामुळे एसपीएफ ‘पास’ आणि डीमार्क ‘फेल’ असे गोंधळात टाकणारे चित्र दिसते.

आपल्याकडे झोहोच्या पेट्या आहेतच, तर या सगळ्यातून सुटण्याचा मार्ग म्हणजे होस्टिंगकडून पत्र पाठवणेच बंद करणे. ‘डब्ल्यूपी मेल एसएमटीपी’सारखे प्लगिन बसवून वर्डप्रेसची सर्व पत्रे झोहोच्या सर्व्हरमधून जाऊ द्यावीत. पोर्ट (जोडणीचा क्रमांक) ५८७ असेल तर टीएलएस, ४६५ असेल तर एसएसएल हा सुरक्षित जोडणीचा प्रकार निवडावा. खाते भारतातील केंद्रावर असल्यास सर्व्हरच्या नावाचा शेवट ‘डॉट कॉम’ नसून ‘डॉट इन’ असतो, आणि तेथेच पुष्कळांची गाडी अडते. ज्या खात्याने प्रवेश केला त्याचाच पत्ता ‘फ्रॉम’मध्ये हवा, अन्यथा झोहो पत्र नाकारते. खात्याला दुहेरी पडताळणी लावलेली असेल तर नेहमीचा पासवर्ड चालणार नाही. या कामापुरता वेगळा ॲप पासवर्ड तयार करावा लागेल.

अर्जशाखा

पत्ते विभागून देण्याविषयी अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो.

अर्जात ‘विचारणेचा विषय’ अशी निवडयादी ठेवा. ‘कॉन्टॅक्ट फॉर्म ७’मध्ये यादीतील प्रत्येक पर्यायापुढे उभी रेघ देऊन तिच्या उजवीकडे ईमेल पत्ता लिहिता येतो: डावीकडे ‘सभागृह आरक्षण’, उजवीकडे कार्यवाहांचा पत्ता, डावीकडे ‘सभासदत्व’, उजवीकडे ग्रंथपालांचा. अर्जदाराला फक्त डावा भाग दिसतो, पत्ता पानाच्या स्रोतातही उघड होत नाही. मग ‘टू’मध्ये पत्त्याऐवजी त्या यादीची खूण घालावी. कार्यालयाची प्रत हवी असल्यास ‘ॲडिशनल हेडर्स’मध्ये ‘सीसी’ची ओळ जोडावी.

मात्र सभागृहाचे आरक्षण केवळ ईमेलच्या भरवशावर ठेवणे मला पटत नाही. हे प्लगिन आलेले अर्ज स्वतःजवळ कोठेही साठवत नाही. पत्र हरवले की अर्ज हरवला. त्याच विकसकाचे ‘फ्लेमिंगो’ नावाचे मोफत प्लगिन बसवले तर प्रत्येक अर्ज वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये नोंदला जातो, पत्र पोहोचो वा न पोहोचो. दर सोमवारी कार्यालयातील कोणी त्या यादीशी आरक्षणाची वही ताडून पाहावी. अर्जदाराने जोडलेली फाइल मात्र तेथे साठत नाही, ती पत्राबरोबरच जाते आणि सर्व्हरवरून पुसली जाते. लोकांचे दूरध्वनी क्रमांक त्या नोंदींत साचत जातात, तेव्हा काम संपलेल्या नोंदी अधूनमधून काढून टाकाव्यात.

फ्लेमिंगोमुळे आणखी एक सोय होते: अनुक्रमांकाची एक खास खूण पत्राच्या विषयात घालता येते. सर्व सूचनांचा विषय एकच असेल तर जीमेल त्या एकाच संभाषणाखाली गोळा करते आणि खालच्या चार अर्जांकडे कोणाचे लक्ष जात नाही. ‘सभागृह आरक्षण – ४१२’ असा विषय आला की प्रत्येक अर्ज वेगळा दिसतो, आणि दूरध्वनीवर बोलताना क्रमांकाचा हवालाही देता येतो.

प्लगिनमधील ‘मेल २’ हे दुसरे पत्र वापरून अर्जदारालाही पोच पाठवता येते, पण तिच्यात ‘अर्ज मिळाला, आरक्षण कार्यालयाने कळवल्यानंतरच निश्चित होईल’ एवढाच मजकूर ठेवावा आणि अर्जदाराने लिहिलेला संदेश पुन्हा छापू नये. तो छापला तर कोणीही त्रयस्थाचा पत्ता भरून वाचनालयाच्या नावाने त्याला हवा तो मजकूर पाठवू शकतो, आणि अशा तक्रारी वाढल्या की आपल्या डोमेनची पत्रे स्पॅममध्ये जाऊ लागतात. पोच सुरू करण्यापूर्वी अर्जाला रीकॅप्चा किंवा टर्नस्टाइल (भरणारा माणूस आहे की यंत्र हे तपासणारी सोय) लावलेले असावे.

ग्रंथसेवक

‘ईमेल राउटिंग’मध्ये ‘लोकल’च निवडलेले होते. ते ‘रिमोट’ केल्यावर कार्यालयाच्या पेटीत पहिली सूचना आली. होस्टिंगच्या मूळ पेटीत परत आलेल्या पत्रांचा ढीगच सापडला असून त्यांतून जुन्या अर्जांचा मजकूर वाचता येतो आहे. ग्रंथपाल एकेका अर्जदाराला दूरध्वनी करत आहेत. कोषाध्यक्षांच्या पत्रात एसपीएफ ‘फेल’ होते, त्यामुळे झोहोमार्फत पाठवण्याची व्यवस्था आता लावत आहे. फ्लेमिंगो बसवले आहे. पोच पाठवण्याचा विषय रीकॅप्चा लावून झाल्यावरच हाती घेईन, आणि तिचा मजकूर कार्यकारिणीच्या येत्या सभेत ठेवेन, कारण अनामत रक्कम भरेपर्यंत आरक्षण कच्चे समजावे हे वाक्य त्यात असावे असा कोषाध्यक्षांचा आग्रह आहे.