मदत हवी आहे: लक्ष टिकत नाही म्हणून मुलासाठी बायोफीडबॅकचे गेम घ्यावेत का?

नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यात, अगदी किनाऱ्याच्या गावात राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. पहिलीपासून बाईंचं एकच म्हणणं: डोकं चांगलं आहे, पण जागेवर ठरत नाही. गणित अर्धं सोडून खिडकीशी जातो, दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालतो, वही-पट्टी रोज हरवून येतो. घरीही तेच. कणकवलीच्या बालरोगतज्ज्ञांनी एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) लक्षणं दिसतात असं सांगितलं. कान, डोळे, रक्त तपासून झालं, झोपेबद्दल सविस्तर विचारलं. त्यात काही निघालं नाही. मानसशास्त्रज्ञांकडची तपासणी अजून व्हायची आहे.

सासूबाईंना हे सगळं पटत नाही. ‘झिलाक काय्येक झाला नाय, उगाच डाक्टर कित्याक?’ हे त्यांचं पालुपद. जत्रेत दशावतार पहाटेपर्यंत डोळ्यांची पापणी न लववता बघतो, मग लक्ष नाही असं कसं, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न खोटा नाही. डॉक्टरांनी त्याचं उत्तर असं दिलं की अशा मुलांकडे लक्ष नसतं असं नाही. आवडीच्या गोष्टीला ते चिकटून बसतात, पण नावडत्या, संथ कामाकडे ते मुद्दाम वळवणं आणि तिथे धरून ठेवणं जमत नाही.

आता मुद्द्याचं, म्हणजे बायोफीडबॅकचं: शरीरातले संकेत मोजून ते त्याच माणसाला लगेच दाखवायचे. माझे दीर डोंबिवलीला असतात. मे महिन्यात त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा ते आम्हाला एका केंद्रात घेऊन गेले. तिथे मुलाच्या कपाळाला पट्टा बांधला, कानाच्या पाळीला चिमटा लावला आणि समोर गाडीचा गेम सुरू केला. लक्ष लागलं की गाडी धावते, उडालं की थांबते. मुलगा हरखून गेला. मी मात्र त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने दात आवळले, कपाळाला आठ्या घातल्या, की पडद्यावरचा काटा टुणकन वर! दोन-तीनदा तसं झाल्यावर तो मुद्दामच दात आवळायला लागला. तिथल्या ताईंना विचारलं तर ‘सुरुवातीला होतं तसं’ एवढंच उत्तर मिळालं. पूर्ण कार्यक्रमाचा खर्च लाखाच्या घरात जातो. तो झेपणार नाही म्हटल्यावर दीर म्हणाले, गणपतीला येताना घरी वापरायचा पट्टा आणि टॅब मीच घेऊन येतो. त्यांची माया कळते. म्हणूनच हो किंवा नाही म्हणण्याआधी मला हे नीट समजून घ्यायचं आहे.

आतापर्यंत वाचून जे समजलं ते लिहिते, चुकत असेल तर सांगा.

मेंदूच्या लहरी डोक्यावरून मोजून त्या मुलालाच दाखवायच्या आणि हव्या त्या लहरी वाढल्या की बक्षीस द्यायचं, या बायोफीडबॅकला न्यूरोफीडबॅक म्हणतात. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जोएल लुबार यांनी 1976 च्या सुमारास चंचल मुलांवर हा प्रयोग केला. पुढे नासाच्या लँग्ली केंद्रात वैमानिकांचं लक्ष मोजण्याच्या कामातून ही पद्धत व्हिडिओ गेमला जोडली गेली. बहुतेक ठिकाणी थीटा या संथ लहरी कमी आणि बीटा या जलद लहरी जास्त करायचा सराव असतो. पण या लहरी मायक्रोव्होल्टमध्ये मोजाव्या लागतात इतक्या बारीक, आणि पापणी लवली किंवा जबडा आवळला की त्याचा विद्युत संकेत त्यांना सहज झाकून टाकतो. म्हणजे मी पाहिलेला काटा मेंदूने हलवला की जबड्याने, हे त्या पट्ट्यालाही सांगता आलं नसतं.

उपयोग होतो का, यावर अमेरिकेत मोठी चाचणी झाली. 7 ते 10 वयाची 144 मुलं, प्रत्येकी 38 सत्रं. काही मुलांना स्वतःच्या लहरींवर चालणारा गेम दिला, काहींना आधीच नोंदवून ठेवलेल्या दुसऱ्याच कुणाच्या लहरींवरचा. कोणाला कोणता, हे मुलांना आणि पालकांना माहीत नव्हतं. दोन्ही गट सुधारले आणि जवळपास सारखेच सुधारले! ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. म्हणजे पालकांना दिसणारा फरक खोटा नव्हता, पण तो लहरींमुळे आला असं म्हणता येत नाही. नियमित वेळ, पाठीशी बसलेलं मोठं माणूस, कौतुक यांचाही तो परिणाम असू शकतो, शिवाय दोन्ही गटांना झोप आणि आहाराचा सल्लाही मिळाला होता. 2024 च्या शेवटी अशा 38 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. कुठला उपचार चाललाय हे ठाऊक नसलेल्यांनी नोंदवलेली लक्षणं पाहिली, तर त्यातही म्हणण्यासारखा फायदा आढळला नाही.

केंद्राच्या पत्रकावर ‘अमेरिकेत मान्यताप्राप्त गेम’ असं ठळक छापलं आहे. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) जून 2020 मध्ये 8 ते 12 वयासाठी मान्यता दिलेला गेम म्हणजे एंडेव्हरआरएक्स. त्यात पट्टा नाही, लहरी नाहीत. मूल जसं खेळेल तशी काठिण्यपातळी बदलते. शिवाय तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि बाकीच्या उपचारांच्या जोडीने वापरायचा आहे. तिथली मान्यता इथल्या पट्ट्याला कशी काय लागू होईल?

दुसरा प्रकार आहे नाडीवर चालणाऱ्या गेमचा. बोटाला सेन्सर लावायचा, ठोके वाढले की गेम अवघड होतो आणि श्वास संथ केला की सोपा. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात, म्हणून संथ श्वासाचा परिणाम पडद्यावर लगेच दिसतो. याने अभ्यासातलं लक्ष वाढेल अशी मला आशा नाही, पण आमच्याकडे राग हाही मोठा प्रश्न आहे. हरला की हातातलं फेकतो, मग अर्धा तास रडतो.

तर विचारायचं आहे ते असं. नाडीचा गेम घरी कोणी वापरला आहे का, आणि गेम बंद असतानाही मुलाला ती सवय उरली का? पावसात आमच्याकडे वीज आणि नेटवर्क दोन्हींचा भरवसा नसतो, तर इंटरनेटशिवाय तो चालतो का? आणि देवगड-कणकवलीच्या आसपास पुढची तपासणी कुठे करावी?

प्रतिसाद: सुरंगी

ताई, आम्ही कुडाळचे. मुलगी दहा वर्षांची, तिच्यासाठी नाडीवरचा गेम वर्षभर वापरला. अभ्यासात काडीचा फरक नाही, हे आधीच सांगते. रागात मात्र पडला, पण आपोआप नाही. सुरुवातीला गेममध्ये छान शांत व्हायची आणि भावाने पेन्सिल घेतली की पुन्हा घर डोक्यावर. मग आमच्या समुपदेशक बाईंनी सांगितलं की गेम संपल्यावर सेन्सर काढून तसाच श्वास तिच्याबरोबर तुम्हीही घ्या, आणि तो भांडणाच्या वेळी नाही, रोज शांत असताना. तिने त्याला ‘कासव’ असं नाव दिलं. आता मी नुसतं ‘कासव’ म्हटलं की निदान थांबते तरी. सेन्सर पडून आहे कपाटात. आमचा गेम एकदा उतरवून घेतल्यावर नेटशिवाय चालायचा, तुमचा कोणता त्यावर आहे.

प्रतिसाद: खाडीकाठ

मी शाळांमध्ये विशेष मुलांसोबत काम करतो. तुम्ही मुळाशी गेला आहात, थोडी भर घालतो.

तपासणी आधी, खरेदी नंतर. निदानासाठी लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, सहा महिने टिकलेली आणि घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसलेली असावी लागतात. म्हणून शाळेकडून लेखी माहिती हवीच. वाचन-लेखनाची अडचण सोबत आहे का, हेही बघून घ्या. पुष्कळदा ती चंचलपणाखाली झाकली जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची सोय आहे, 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करा. खासगीत गेलात तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा, चांगली माणसं राग मानत नाहीत. कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

औषध सुचवलं गेलं तर गेमच्या भरवशावर ते टाळू नका. त्याचा पुरावा गेमपेक्षा कितीतरी भक्कम आहे. सोबत पालकांचं प्रशिक्षण: छोट्या छोट्या सूचना, एका वेळी एकच काम, जमलं की तिथल्या तिथे शाबासकी. गेम घेतलाच तर बाईंना त्याबद्दल सांगू नका आणि त्यांच्याकडून दर पंधरवड्याला दोन ओळी लिहून घ्या. आपण पैसे मोजलेले असले की आपल्याला फरक दिसायलाच लागतो.

धागाकर्ती

सुरंगीताई, खाडीकाठदादा, मनापासून आभार. दिरांशी काल रात्री फोनवर बोलले. दात आवळल्यावर काटा कसा चढत होता ते त्यांनीही पाहिलं होतं, त्यामुळे त्यांना पटवावं लागलं नाही. पट्टा नको, त्याऐवजी तपासणीचा खर्च मी करतो म्हणाले. सोमवारी ओरोसला जातोय. ‘कासव’ आजपासूनच सुरू केलंय, सासूबाईही सोबत बसल्या.

दादा, एक राहिलं. बाईंकडून लेखी माहिती घ्यायची म्हणजे नेमकं काय लिहून मागू? त्या मदतीला तयार आहेत, पण चार इयत्ता एकट्या सांभाळतात. त्यांना पाच मिनिटांत भरता येईल असा मराठी तक्ता कोणाकडे असेल तर इथे टाकाल का? रविवारपर्यंत मिळाला तर बरं होईल.