'अधीन असा' हे वचन घरात आणि मंडळीत कुठवर लावायचं?

प्रश्न: नवापूरकर
प्रभूमध्ये सलाम. मंडळीच्या पंच कमिटीत दोन जागा रिकाम्या आहेत. रविवारची शाळा, घरोघरच्या प्रार्थना, अर्पणाची मोजणी सगळं बहिणीच बघतात, म्हणून एका बहिणीचं नाव पुढे आलं. लगेच १ तीमथ्य २:१२ (स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये) उघडलं गेलं. दुसरा वाद घरचा. ऊसतोडीची उचल, म्हणजे मुकादमाकडून मिळणारी आगाऊ रक्कम, नवरा एकटाच घेऊन येतो. बायकोने विचारलं की इफिस ५:२२ (स्त्रियांनो, पतीच्या अधीन असा) ऐकवतो. ही वचनं नीट कशी लावायची?

तापीकाठ
आधी घरचं बघू. वाचन २२ पासून नाही, २१ पासून सुरू करा. एकमेकांच्या अधीन असणं तिथे आहे. सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत २२ मध्ये वेगळं क्रियापदच नाही, ते २१ मधून घ्यावं लागतं. २५ पासून पुढे तर जवळजवळ सगळं नवऱ्यालाच सांगितलंय, आणि त्याच्यापुढे नमुना ठेवलाय तो मंडळीसाठी स्वतःला देऊन टाकणाऱ्या ख्रिस्ताचा.

एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. मोळ्या ती बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत ती नेते, म्हणजे उचल तीही फेडते. तेव्हा मुकादमाला हो म्हणण्याआधी दोघांनी बसावं: रक्कम किती, टनाला दर काय, मागचं किती फिटायचंय, पोरं कुणाजवळ राहणार. वहीत आकडा चढताना ती समोर हवी. पंचांनी अशा घरी १ पेत्र ३:७ वाचावं. बायकोचा मान राखला नाही तर प्रार्थनेत व्यत्यय येतो, हे तिथे नवऱ्याला सांगितलंय.

मारहाण असेल तर 'अधीन' हा शब्द काढूच नका. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन लागतो. पाळकाने आधी तिला सुरक्षित जागी पोचवावं, समेटाचं मग बघता येईल.

जुना पंच
घराबद्दल तापीकाठ बोलले ते पटलं. मंडळीत मात्र वडीलपद पुरुषाकडेच असावं असं मी मानतो. १ तीमथ्य २:१३ मध्ये पौल कारण देतो ते आदाम आधी घडला हे, म्हणजे उत्पत्तीतलं. त्याला त्या काळापुरतं म्हणता येत नाही.

पण याच्या जोरावर बहिणींना गप्प बसवणं चूक आहे. १ करिंथ ११:५ मध्ये स्त्री प्रार्थना करते, संदेश देते, हे गृहीतच धरलंय. मग १४:३४ मधल्या 'स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं' याचा अर्थ 'तोंडच उघडू नये' असा कसा होईल? फिबीचं बघा, रोम १६:१. आपल्या बायबलात 'सेविका' आहे, म्हणून वाचणाऱ्याला ती पाणी भरणारी वाटते. मूळ शब्द दियाकोनोस, १ तीमथ्य ३:८ मध्ये 'सेवक' म्हणून आलाय तोच.

म्हणून आधी तुमची कमिटी नेमकं काय करते ते तपासा. हिशेब, इमारत, गरिबांची मदत एवढंच असेल तर बहीण बसायला माझी हरकत नाही. शिक्षण आणि शिस्तही त्या कमिटीकडेच असेल तर दोन कमिट्या करा. बहुतेक ठिकाणी दोन्ही कामं एकाच कमिटीकडे असतात, गाडी तिथेच अडते.

शहाद्याची बहीण
नाना, आदराने सांगते, मला २:१२ वेगळं दिसतं. 'अधिकार चालवणे' याला तिथे वापरलेला ग्रीक शब्द सबंध नव्या करारात फक्त एकदाच येतो. त्यावर कायमचा नियम उभा करणं जड जातं. तीमथ्य होता इफिस शहरात, आणि त्याच इफिसात प्रिस्किल्ला व अक्विला या जोडप्याने अपुल्लो या उपदेशकाला जवळ घेऊन शिकवलं (प्रे. कृ. १८:२६). इथे तिचं नाव नवऱ्याच्या आधी आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते. चर्च ऑफ साऊथ इंडियात २०१३ मध्ये पुष्पा ललिता नंद्यालच्या बिशप झाल्या. आणि पंडिता रमाबाईंनी भाषांतर केलेलं अख्खं मराठी बायबल १९२४ सालचं आहे.

आता कामाचं. मंडळीच्या ट्रस्टची घटना (नियमावली) काढून बघा, 'पुरुष सभासद' असा शब्द आहे का. असेल तर निवडीआधी घटनादुरुस्ती लागेल. सभेची नोटीस घटनेत दिलेल्या मुदतीत लावा, उपासनेत वाचून दाखवा, आणि हजेरी व मतं नावानिशी इतिवृत्तात घ्या. नोटीस कमी दिवसांची असली की नाराज माणूस तेवढंच धरून हरकत घेतो. नवे विश्वस्त आले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती, द्यायचा.

चर्चा मावची बोलीतही होऊ द्या, वयस्क बहिणी मराठीत बोलायला बिचकतात. आणि सभा आखाजीनंतर (अक्षय तृतीयेनंतर) घ्या, तोवर ऊसतोडीला गेलेली माणसं परत आलेली असतात.