‘व्यसनं जास्त, म्हणून एचआयव्ही जास्त’ हे खरं नाही

अमेरिकेतले कृष्णवर्णीय गे पुरुष व्यसनं जास्त करतात, म्हणून त्यांच्यात एचआयव्ही जास्त, असा तर्क केला जातो; तो सोडायला हवा. २००७ च्या एका एकत्रित विश्लेषणात त्यांचा अमली पदार्थांचा एकूण वापर गोऱ्या गे पुरुषांपेक्षा कमीच दिसला होता. वापर कमी असूनही त्याची किंमत मात्र त्यांना जास्त मोजावी लागते, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

अमली पदार्थांबद्दलचा अमेरिकेचा १९८६ चा कायदाच बघा. क्रॅक (ओढायचं, खड्यांच्या रूपातलं कोकेन) प्रकरणांत शिक्षा बहुतेक कृष्णवर्णीयांनाच व्हायची. विक्रीच्या गुन्ह्यात ५ ग्रॅम क्रॅक असलं की किमान ५ वर्षं कैद. तेवढ्याच शिक्षेसाठी पावडर कोकेन मात्र ५०० ग्रॅम लागायचं. २०१० मध्ये क्रॅकची मर्यादा २८ ग्रॅम झाली, पण नावावरचा गुन्हा राहिला. त्यामुळे नोकरी हुकते, सरकारी घर नाकारलं जाऊ शकतं. घरच्यांनी आधीच तोडलेलं असेल तर मुक्काम मित्राच्या सोफ्यावर, आणि तिथे जे चालतं ते नाकारणं अवघड.

आता कोकेन, मेथ (मेथॅम्फेटामिन हा उत्तेजक अमली पदार्थ) यांत फेंटानिलची, म्हणजे श्वास बंद पाडू शकणाऱ्या अतितीव्र अफूसारख्या औषधाची, भेसळ सापडते. श्वास मंदावला, ओठ निळे पडले तर ९११ या तिथल्या आपत्कालीन नंबरला फोन करा, ४ मिलिग्रॅम नालोक्सोनचा (फेंटानिलसारख्या औषधांचा परिणाम उलटवणाऱ्या औषधाचा) फवारा एका नाकपुडीत मारा. २-३ मिनिटांत फरक नाही तर दुसरा डोस दुसऱ्या नाकपुडीत. पोलीस येतील या धास्तीने फोनच टाळला जातो, तिथे जीव जातो.