मदत हवी आहे: जुन्या सीएनसी लेथचा स्पिंडल दुपारीच बंद पडतो

लेथ_सोलापूर
अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत माझे लहानसे वर्कशॉप आहे. तेथील जुन्या सीएनसी लेथचा (संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या कातकाम यंत्राचा) स्पिंडल, म्हणजे काम धरून फिरवणारा दांडा, आठवडाभरापासून दुपारच्या वेळी मध्येच बंद पडतो आणि इन्सर्टचे (कापणाऱ्या पात्याचे) टोक उडते. सकाळी हीच मशीन विनातक्रार चालते. ड्राइव्हचे (मोटरला वीज देऊन वेग सांभाळणाऱ्या युनिटचे) कार्ड गेले आहे असे सांगून मेकॅनिकने ४०,००० रुपये खर्च काढला आहे. यंत्रमागाच्या शाफ्टचे काम शनिवारी द्यायचे आहे. कार्ड घ्यावे की नाही, एवढेच कृपया लवकर सांगावे.

पाना_बावीस
एवढ्या माहितीवर कार्ड घ्या किंवा घेऊ नका असे कोणीही सांगू शकणार नाही. मोटर किती किलोवॅटची आहे? ड्राइव्हच्या डिस्प्लेवर कोणता अलार्म येतो? स्पिंडल रिकामा फिरतानाही थांबतो की कट लागल्यावरच?

जुना_फिटर
अलार्म कशाला पाहायचा? दुपारीच बंद पडतो म्हणजे बेअरिंग. हेडस्टॉक (स्पिंडलचे घर) तापला की बेअरिंगचा प्रीलोड (आतला दाब) वाढतो आणि स्पिंडल जड होतो. मी असे तीन स्पिंडल उघडले आहेत आणि तिन्ही वेळा बेअरिंगच निघाले.

पाना_बावीस
काका, बेअरिंग जड झाले तर मोटर जास्त करंट ओढेल आणि ओव्हरलोडचा अलार्म येईल. तो येतो की नाही हेच अजून कळलेले नाही, आणि आपण हेडस्टॉक उघडायला निघालात.

चिंचोली_टर्निंग
आमच्याकडे आट्यांचा पिच बिघडत होता, तेव्हा एन्कोडरचा (स्पिंडलचे फिरणे मोजणाऱ्या सेन्सरचा) टायमिंग बेल्ट दात झिजून घसरत असल्याचे आढळले. आपणही तो अवश्य बदलून घ्यावा.

लेथ_सोलापूर
थ्रेडिंगची तक्रार नाही. मोटर ७.५ किलोवॅटची आहे. ईएन-८ पोलादाचा ६० मिमी बार, ८०० आरपीएम, अडीच मिमी कट. रिकामा स्पिंडल तासभर फिरवला तरी थांबत नाही. डिस्प्लेवर यू.व्ही. अशी अक्षरे येतात. व्होल्टेज मी आधीच तपासले आहे, तिन्ही फेज ४१० आहेत. पॅनेल तापते म्हणून दरवाजा उघडा ठेवून टेबल फॅन लावला आहे, हे सांगायचे राहिले.

पाना_बावीस
हे पहिल्याच दिवशी लिहिले असते तर बरे झाले असते. यू.व्ही. म्हणजे अंडरव्होल्टेज, म्हणजेच ड्राइव्हच्या आतली डीसी बस (एसीपासून बनवलेल्या डीसी पुरवठ्याची लाइन) खाली येत आहे. तिन्ही फेज ४१० असतील तर ती साधारण ५८० व्होल्ट असायला हवी. आपण ४१० मोजलेत ते बहुधा मशीन उभी असताना. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे जळक्या संपर्कातूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो; संपर्काचे खरे रूप लोड आल्यावरच उघडे पडते. म्हणून कट चालू असताना मुख्य कॉन्टॅक्टरच्या (मशीनला वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या) प्रत्येक पोलच्या, म्हणजे प्रत्येक फेजच्या संपर्काच्या, वरच्या आणि खालच्या टर्मिनलमध्ये मीटर लावून पाहा. चांगल्या पोलवर व्होल्टचा अंशच दिसतो. हे काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. ड्राइव्हला हात लावण्यापूर्वी मेन बंद करून दहा मिनिटे थांबा आणि बस उतरल्याची मीटरने खात्री करा, कारण कपॅसिटर चार्ज धरून ठेवतात.

जुना_फिटर
मीटरचे खेळ झाले की बेअरिंगही पाहा, एवढेच म्हणतो.

उन्हाळी_झळ
आधी तो टेबल फॅन काढा. शेजारी टॉवेलचा कारखाना असेल तर सुताचा भुगा थेट आत जातो. आमच्या ड्राइव्हच्या हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) गोधडीसारखा थर साचला होता.

लेथ_सोलापूर
शेजारी टॉवेलचाच कारखाना आहे. काल दुपारी अडीच वाजता इलेक्ट्रिशियनला उभे करून मोजले. दोन पोलवर जवळजवळ शून्य, आणि तिसऱ्यावर आकडा कधी चार तर कधी पंचवीस. त्याच क्षणी यू.व्ही. येऊन स्पिंडल थांबला. कॉन्टॅक्टर उघडला तेव्हा त्या पोलची चांदीची टिकली काळी पडून खड्डे पडलेली होती, बाजूचे प्लास्टिक तपकिरी झाले होते आणि वायरच्या टोकाचा धातूचा लग हाताने हलत होता. त्यावर भुग्याचा थर होता, तो वेगळाच. कार्ड घेतलेले नाही.

पाना_बावीस
तो लग कापून नवा दाबून बसवा (क्रिंप करा). जळक्या तारेवर नवा कॉन्टॅक्टर बसवला तर तोही महिन्याभरात जळेल. कॉन्टॅक्टर ओढणारी कॉइल किती व्होल्टची आहे ते पाहूनच खरेदी करा.

लेथ_सोलापूर
हा सल्ला सकाळी मिळाला असता तर एक फेरी वाचली असती. २३० व्होल्ट कॉइलचा आणला, आणि मशीनच्या कंट्रोल ट्रान्सफॉर्मरमधून ११० व्होल्ट येतात, त्यामुळे तो नुसताच गुरगुरतो, नीट ओढत नाही. दुकान आता उद्या सकाळी उघडेल. तोपर्यंत एक मिमीचा कट घेऊन काम चालवता येईल का?

पाना_बावीस
नाही. तो जळका पोल वापरू नका, मशीन बंदच ठेवा.

चिंचोली_टर्निंग
मशीन बंदच आहे तर एन्कोडरचा बेल्टही पाहून घ्या.