‘लाय इन वेट’: यात वाट पाहणं कुठून आलं?

शब्दखोर (धागाकर्ता)
भाच्याच्या इंग्रजीच्या वहीत ‘लाय इन वेट’ (lie in wait) या वाक्प्रचाराचा अर्थ ‘पडून वाट पाहणे’ असा सापडला. त्यावर बाईंची बरोबरची खूणसुद्धा! माझ्या मते ही शुद्ध चूक आहे. अर्थ एकच, दबा धरून बसणे. यातला ‘वेट’ हे नाम आहे. मध्ययुगात उत्तर फ्रान्सच्या बोलीतून तो इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ होता पाळत, पहारा, आणि बहुतेकदा वाईट हेतूनेच. मूळ जर्मानिक, ‘वॉच’ आणि ‘वेक’ त्याचे भाऊबंद. आजच्या फ्रेंचमध्ये तोच शब्द ‘गेते’ झालाय, म्हणजे टपून पाहणे. नुसत्या प्रतीक्षेचा अर्थ इंग्रजीत मागाहून चिकटला.

फोडणी
अहो, पण ‘वाट पाहणे’ तरी दुसरं काय आहे? वाटेकडे डोळे लावून बसणंच ना! पाहता पाहता प्रतीक्षा झाली, तिकडेही आणि इकडेही. भाच्याला निम्मे गुण द्या. ‘पडून’ मात्र विनोदीच.

काळाकोट
दोघांशीही असहमत. हा शब्द कायद्यातून बघा. डिसेंबर १६७०मध्ये लंडनमध्ये सर जॉन कॉव्हेंट्री या खासदाराला रस्त्यात गाठून त्याचं नाक चिरलं. राजाच्या रंगेलपणावर सभागृहात टोमणा मारला होता, त्याचं बक्षीस. लगेच झालेल्या कॉव्हेंट्री कायद्यात टपून बसून एखाद्याला विद्रूप करण्याला देहदंड ठरला, आणि कलमात हेच शब्द आहेत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या १७९४च्या कायद्यात विष घालून केलेला खून आणि असा टपून केलेला खून एकाच पंक्तीला, पहिल्या दर्जाचे, म्हणजे सर्वांत गंभीर. कॅलिफोर्नियात आजही तसंच. पण तिथे आरोपी झुडपात दडलेला असावाच लागतो असं नाही. हेतू लपवलेला हवा, संधीवर काही काळ नजर हवी, मग अचानक हल्ला. समोर उभं राहून गप्पा मारणाराही त्यात बसू शकतो. आता सांगा, दबा कुठे धरला त्याने?

शब्दखोर
कोर्टाने अर्थ ताणला म्हणून मूळ चित्र पुसलं जात नाही. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये, दहाव्या स्तोत्रात, दुष्ट माणूस गुहेतल्या सिंहासारखा टपलेला आहे आणि तिथे हाच वाक्प्रचार येतो. सिंह काय गप्पा मारतो? (आपला वाघ दबा धरून ‘बसतो’, त्यांचा सिंह ‘पडतो’. आळशी मेला.)

फोडणी
सिंहाचं ठीक. पण कोर्टाबाहेर बातमीदार कॅमेरे घेऊन मंत्र्यासाठी उभे असतात, त्यालाही इंग्रजीत हेच म्हणतात. तिथे ‘दबा धरला’ लिहिलंत तर वाचकाला वाटेल, आता कोयते निघणार. मी ‘टपून होते’ लिहीन. एकच अर्थ म्हणे!

काळाकोट
+१. आणि इंग्रजी ‘वेले’ला (waylay) मराठीत काय लावाल? त्यात ‘वे’ म्हणजे वाटच आहे.

शब्दखोर
त्याला ‘वाटेत गाठणे’. लुटायचंच असेल तर ‘वाटमारी’ तयारच आहे. बातमीदारांपुरतं ‘टपून’ मान्य. भाच्याला गुण नाही म्हणजे नाही.