मोठ्या माणसाने हॉटेलात चतकोर भाकरी का मागू नये?

सातरस्तेकर

मंडळी, आधी परवाच्या रविवारचं सांगतो. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून आम्ही दोघं सोलापुरातल्या होटगी रोडवरच्या एका हॉटेलात जेवायला गेलो. हिला सहा वर्षांपासून मधुमेह, मला दोन स्टेंट. घरी आमचं माप ठरलेलं आहे. तिला एक भाकरी, मला दीड, वाटीभर भाजी आणि ताक. हॉटेलात शेंगा भाजी, म्हणजे आपली शेंगदाण्याच्या कुटाची, आणि भरलं वांगं सांगितलं, दोन्ही हाफ. वेटर म्हणाला, "काका, हाफ फक्त बिर्याणी आणि राइसमध्ये. भाजी फुलच येते. लहान मुलांचं ताट आहे, पण ते दहा वर्षांखालच्यांना." हिने हळूच विचारलं, "मोठ्या ताटाचे पैसे घ्या, पण तेच ताट द्या ना." तो गल्ल्यावर विचारून आला आणि मान हलवली.

भाज्या आल्या. शेंगा भाजीवर तेलाचा लाल तवंग, वाटी तिघांना पुरेल एवढी. वांगी चार. दोन आम्ही खाल्ली, दोन देठं वर करून तशीच बसली होती. ती बघून हिला राहवेना. पोट भरलेलं असताना तिने भाकरीच्या तुकड्याने त्यातला कूट पुसून पुसून खाल्ला. अन्न टाकायचं नाही हे तिला तिच्या आईने शिकवलंय, ते आता या वयात कसं सुटणार? रात्री दोन वाजता उठून बसली, छातीत जळजळ.

आपल्या भाषेत अर्धी आहे, चतकोर आहे, नितकोरसुद्धा आहे. वाढणारी बाई विचारायची, "अर्धी घेता की चतकोर?" आणि पाहुणा मोकळेपणाने सांगायचा. हॉटेलात सूप वन बाय टू मिळतं, चहा कट मिळतो. मग भाजी का नाही? माझी मागणी एवढीच आहे की प्रत्येक भाजीपुढे हाफचा दर छापावा आणि तो वय न विचारता द्यावा. पैसे निम्मेच घ्या असं मी म्हणत नाही.

गल्ला आणि भट्टी

काका, तुमच्या मिसेसना त्रास झाला याचं मनापासून वाईट वाटलं. मुलांचं ताट मोठ्यांना नाकारणं मलाही पटत नाही, माझ्याकडे असं झालं असतं तर मी दिलं असतं. पण मी अकरा वर्षं हॉटेल चालवतोय, तेव्हा दुसरी बाजूही ऐका.

शंभर रुपयांच्या भाजीत माझा माल तीस-पस्तीस रुपयांचा. उरलेल्यात आचारी, वाढपी, भांडी घासणारी मावशी, भाकरी थापणाऱ्या बायका, जागेचं भाडं, वीज, १९ किलोचं कमर्शियल सिलिंडर. हाफ केली की माल सोळा-सतरा रुपयांनी वाचतो. बाकी काहीच वाचत नाही. भट्टी तेवढाच वेळ पेटते, कढई तेवढीच घासावी लागते, टेबल तेवढाच वेळ अडतं. म्हणजे हाफचा खरा दर शंभराला त्र्याऐंशी पडतो. तो मी छापला तर लोक म्हणतील, हा लुटतोय. पन्नास छापला तर मी महिन्यात बसलो.

सुपाचं आणि बिर्याणीचं उदाहरण सगळे देतात. सूप एकाच पातेल्यात होतं, बिर्याणी एकाच हंडीत. पळी लहान केली की झालं. भाजी ऑर्डर पडल्यावर वेगळी परतावी लागते, तिथे हाफ म्हणजे पूर्ण कामच.

फिरती

मी औषध कंपनीत आहे. महिन्यातले बारा-चौदा दिवस पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढा. दुपारचं जेवण एकटीचं, बाहेर. आपली मेन्यूकार्डं चार माणसांच्या कुटुंबासाठी छापलेली असतात, हे एकट्याने जेवल्याशिवाय कळत नाही. एक भाजी मागवली तर तीच तीन दिवस पुरेल. दोन मागवणं अशक्य. म्हणून मी वर्षानुवर्षं एकाच भाजीवर जेवतेय, नाहीतर वडापाव खाऊन पुढच्या डॉक्टरकडे.

उरलेली भाजी पार्सल घ्या म्हणतात. पार्सल घेऊन उन्हात एसटीने पुढच्या गावी जायचं? सोलापूरचा एप्रिल माहिती आहे ना सगळ्यांना?

दादा, तुम्ही त्र्याऐंशी म्हणालात. मी त्र्याऐंशी देईन. नव्वदही देईन. माझी तक्रार दराची नाहीच. समोर ढीग ठेवून वाढपी वर विचारतो, "मॅडम, आवडलं नाही का?" ते मला नको असतं.

माग बारा तास

मी पॉवरलूमवर आहे, टॉवेलच्या कारखान्यात. बारा तासांची पाळी. तुमचं सगळ्यांचं वाचलं, आता माझंही वाचा.

आम्ही चौघं महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी मटण खायला जातो. ताट भरून येतं म्हणून जातो. रस्सा मागेल तितका, भाकरी गरम. बारा तास उभं राहून काम करणाऱ्याला ते लागतं. आता हाफ सुरू होऊ द्या. पहिल्या महिन्यात फुल होतं तेवढंच राहील. सहा महिन्यांनी फुलमध्ये तीन फोडी कमी होतील, वर्षाने आजचं फुल म्हणजे 'जंबो' होईल आणि त्याला पन्नास रुपये जास्त. बिस्किटाच्या पुड्यात हेच झालं. दर तोच, पुडा हलका. तुमच्या तब्येतीपायी आमचं ताट लहान होणार असेल तर माझा विरोध आहे, लई स्पष्ट सांगतो.

आणि सोलापूरचा हात सैल आहे, तो सैलच राहू द्या. मोजून वाढणं आपल्याकडं कंजूषपणाचं लक्षण समजतात.

पूर्वभाग

वरच्या दादांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही, आणि मी मिल कामगाराच्याच घरातली आहे.

सोलापुरात १८७७ साली जुनी मिल सुरू झाली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. खेड्यातून, तेलंगणातून, कर्नाटकातून माणसं आली, कित्येक जण कुटुंब मागे ठेवून. ती खानावळीत जेवायची. माझी आजी अशा कामगारांना जेवण करून घालायची. तिच्याकडे भाकरी मोजून असायची. कुणाची तीन, कुणाची दोन, एका म्हाताऱ्या जॉबरची, म्हणजे मिलमधल्या मुकादमाची, एकच. आमटी हवी तेवढी. भिंतीला खडूने रेघा असत, ज्याच्या जितक्या भाकऱ्या तितक्या रेघा, महिन्याअखेरी हिशोब. एक खाणाऱ्याला तिने कधी तीन वाढल्या नाहीत आणि चार मागणाऱ्याला नाही म्हटलं नाही. तिला कोणी कंजूष म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

म्हणजे आपलं भूकेचं माप आपण ठरवायचं ही रीत याच गावची. ती रीत हॉटेलांनी मोडली, आणि आता ती परत मागितली तर लोक म्हणतात नवीन फॅड.

सिद्धरामेश्वरांच्या या गावात दासोह, म्हणजे मठा-मंदिरातलं अन्नदान, काय असतो हे कुणाला सांगायला नको. पंगतीत प्रसाद पोटभर मिळतो, पण पानात टाकायचा नसतो. म्हणून आपण हाताने थांबवतो, "बस्स, एवढाच." तिथे थांबवलेलं चालतं. हॉटेलात पैसे देऊन थांबवता येत नाही.

आहारतज्ज्ञ, जुळे सोलापूर

माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत हा प्रश्न रोजचा आहे, म्हणून लिहिते. "समोर जास्त आलं तरी आपण हवं तेवढंच खावं, संयम ठेवावा" असं सांगणारे खूप भेटतात. प्रत्यक्षात माणूस असा वागत नाही. २००२ साली अमेरिकेत बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढांना मॅकरोनी-चीज वेगवेगळ्या मापाने वाढलं, ५०० ग्रॅमपासून १००० ग्रॅमपर्यंत. मोठं माप समोर आल्यावर लोकांनी लहान मापाच्या तुलनेत सुमारे ३० टक्के जास्त ऊर्जा पोटात घातली. जेवणानंतर पोट किती भरलं हे विचारलं तर उत्तरं जवळपास सारखीच. आणि निम्म्याहून जास्त लोकांना मापात फरक होता हे कळलंही नव्हतं.

काकूंनी वांग्याचा कूट पुसून खाल्ला, यात त्यांचा संयम कमी पडला असं मी मुळीच म्हणणार नाही. शेंगदाण्याचा कूट, वर तेल, सोबत भाकरी. ज्यांची साखर औषधाने आटोक्यात ठेवली आहे त्यांना तेच पदार्थ अर्ध्या मापात चालतात. मी रुग्णांना शेंगा भाजी बंद करा असं सांगत नाही. सोलापुरात राहून ते सांगायचं तरी कसं? पण वाटी लहान करा म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "बाहेर गेल्यावर काय करायचं मॅडम?" त्याला माझ्याकडे उत्तर नसतं.

गल्ला आणि भट्टी

मॅडम, तुमचा अभ्यास मान्य. पण वाया जाण्याचं खापर सगळं आमच्यावर फोडू नका. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल आहे. २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यात घरांचा वाटा ६० टक्के. हॉटेलं, कॅन्टीन, केटरिंग मिळून २८. आधी आपापल्या फ्रिजमध्ये बघा.

आणि हे सरकारी पातळीवरही होऊन गेलंय. २०१७ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री रामविलास पासवान यांनी विषय काढला होता, की दोन कोळंब्या खाणाऱ्याला सहा का वाढायच्या. हॉटेलवाल्यांनी लगेच विरोध केला. माझाही होता. कोणाच्या ताटात किती हे दिल्लीने का ठरवायचं?

सातरस्तेकर

दिल्लीने ठरवू नये, हे मलाही मान्य. मी ठरवावं, माझ्या पोटापुरतं. एवढंच तर मागतोय.

वाया गेलेल्यातलं ६० टक्के घरांतून जातं हे खरं असेल, पण म्हणून २८ टक्क्यांकडे बघायचंच नाही असं कसं? घरी उरलेल्या भाजीचं सकाळी थालीपीठ होतं. त्या हॉटेलात आमच्या टेबलावरची ती दोन वांगी कुठे गेली ते मी डोळ्यांनी पाहिलं. टेबल पुसणाऱ्या पोराने बादलीत ओतली, वर खरकटं पाणी.

आता पॉवरलूमवाल्या दादांना. तुमची भीती खोटी नाही. माझं उभं आयुष्य नोकरीत गेलं, पण वडील मागावरच होते. तुमचं ताट कमी होऊन माझं ठीक व्हावं असं मला नको आहे. म्हणून मागणीत एक भर घालतो: हाफ आणि फुल, दोन्हीपुढे वजन छापा. वजन छापलेलं असलं की फुलमधल्या तीन फोडी गुपचूप कमी करता येत नाहीत. मोठ्या साखळी हॉटेलांना हे नवीन नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे ज्यांच्या दहा किंवा जास्त शाखा आहेत त्यांना मेन्यूवर प्रत्येक पदार्थापुढे वाढपाचं माप आणि कॅलरी लिहाव्या लागतात. आपली एकेकटी हॉटेलं त्यात येत नाहीत, पण स्वतःहून लिहायला कुणी अडवलंय?

माग बारा तास

वजन लिहिणार असतील तर माझा विरोध निम्मा कमी होतो. पण वजन कशाचं? मटणात हाडासकट धरणार की फोडीचं? रस्सा धरला तर पाणी वाढवून वजन भरता येतं. हे आधी ठरवा, मग पुढचं बोलू.

फिरती

हा प्रश्न बरोबर आहे. कच्च्या मटणाचं वजन लिहावं, हाडासकट, आणि तसं स्पष्ट लिहावं. खाटकाकडे आपण तसंच घेतो.

गल्ला आणि भट्टी

मटणाचं कच्चं वजन मी लिहू शकतो, कारण आम्ही तसंच तोलून वाटे करून ठेवतो. भाजीचं नाही जमणार. वांगी आज लहान येतात, उद्या मोठी. भरल्या वांग्याला नग लिहीन, चार किंवा दोन. शेंगा भाजीचं पातेलं एकच असतं, तिथे लहान वाटी देता येईल, हे काकांचं मी आता मान्य करतो. तिचा आणि सुपाचा हिशोब खरंच सारखा आहे, माझ्या वरच्या उत्तरात ते सुटलं.

पण पनीर, काजू करी, मिक्स व्हेज यांना हाफ नाही. आणि रविवारी रात्री तर अजिबात नाही. बाहेर वीस माणसं ताटकळत असताना चौघांच्या टेबलावर दोन हाफ भाज्या मी देणार नाही, मग कोणी काहीही म्हणो.

सातरस्तेकर

रविवारचं मला पटलेलं नाही. आम्ही रविवारीच गेलो होतो, आणि मुलं-सुना घेऊन माणूस रविवारीच जातो. आजी-आजोबा त्याच टेबलावर असतात. सोमवारी दुपारी लहान वाटी मिळाली तर ती हिच्या काय उपयोगाची?

शेंगा भाजीची लहान वाटी कधीपासून देताय ते इथे लिहा. आम्ही येतो. रविवारीच येतो.